चार हिवाळे, फार तर पाच

डिकीवर तीन कागद, उडू नयेत म्हणून
त्यांवर अर्धा इंची पाना.
कॉव्हेन्ट्री, टाइल हिल, नोव्हेंबर.
गॅरेजात हेरल्ड, सदुसष्ट सालची,
पोटाखाली काही नाही; नळ्या काढल्यापासून
मुकी.

पहिला कागद स्टेनलेस स्टीलचा.
लख्ख, फडताळातल्या डब्यांसारखा.
'आयुष्यभराची हमी' असं छापलंय.
कुणाच्या, ते छापलेलं नाही.
गाडी अठ्ठावन्नची, मी एकोणसत्तर,
दोघींचं मिळून जे उरलंय
त्याला इतकं टिकाऊ लागतं का काही?
शिवाय डेस म्हणतो, आवाज पातळ येतो,
कळशीत तोंड घालून बोलल्यासारखा.

दुसरा दोन तोंडांचा, शर्यतीचा.
नवरा म्हणाला, हाच घे.
हा माणूस मोटरवेवर जायला भितो.

तिसरा साधा. माइल्ड स्टील.
इथूनच मैलभरावर, कॅन्लीच्या कारखान्यातून
ती बाहेर पडली तेव्हा हाच होता खाली.
काळा रंग, एक डबा, एक शेपटी.
स्वस्त. गंजणार.
डेसनं ओठ मुडपले : चार हिवाळे. फार तर पाच.

तीस वर्षं मी गिअरचे दाते मोजले,
इंचाच्या हजाराव्या भागात भांडले पुरुषांशी.
आवाज कशानं मोजतात ते कुणी शिकवलं नाही.

मग आठवलं, गाडी विकताना
नोटा बिस्किटांच्या डब्यात ठेवत
मिसेस प्रॉबर्ट म्हणाल्या होत्या :
आयव्हर चर्चपाशी वळला की मला ऐकू यायचं.
मी किटली लावायची.
तो दारात, तेव्हा पाणी उकळलेलं.
एकतीस वर्षं संध्याकाळचं घड्याळ
बघावं लागलं नाही त्यांना.

तर तिसरा कागद.

उताणी पडले फरशीवर, पुठ्ठा अंथरून.
जुना डबा हातात आला तो पापडासारखा,
डोळ्यांत तांबडा भुगा.
एक नट रुसला, त्याला तेल पाजून रात्रभर ठेवला.
नळीत नळी, सांध्याला लुकण, वर क्लॅम्प,
रबराच्या झोळीत सगळं टांगलेलं.
शनिवारी किल्ली फिरवली.
आधी शिंक. मग गोल, खोल घरघर,
पोटभर जेवलेल्या माणसानं कूस बदलावी तशी.
मी एकटीच हसले गॅरेजात.

चर्चपाशी वळले. मुद्दाम सावकाश, दुसऱ्या गिअरमध्ये.
पडदा हलला नाही.
बेल वाजवावी लागली, दोनदा.
किटली गार.

छान वाजते, त्या म्हणाल्या. फारच छान.
आयव्हरची अशी नव्हती.
भोक होतं गं तिला.
आधी पैसे नव्हते म्हणून,
मग पैसे आले तोवर सवय झालेली.
बीन्सच्या डब्याचा पत्रा गुंडाळायचा, वर तार.
खोकत यायची ती. अख्खी गल्ली शिव्या घालायची.

मी कप धरून बसले.
पुस्तिकेतला अस्सल आवाज, भाग क्रमांकासकट,
मी बसवला होता
आणि तो या दारात कधी आलाच नव्हता.

घरी पत्रे कापायची कात्री आहे. ड्रिल आहे.
दोन मिनिटांचं काम.
पण तसं पाडलेलं भोक खोकत नाही,
शिट्टी वाजवतं.

माइल्ड स्टील आहे, मी म्हटलं थोड्या वेळानं.
चार हिवाळे. रस्त्यावर मीठ टाकतात ना.
त्यांनी बोटांवर मोजलं.
अठ्ठ्याऐंशीत चार.
मग म्हणाल्या, गॅरेजात कशाला ठेवतेस मग?

क्लबातले सहाही जण कपाळाला हात लावतात.
मी नेते बाहेर. मंगळवारी,
मीठ टाकणारा ट्रक जाऊन आला की त्याच्या मागून,
चर्चपाशी दुसरा गिअर.
परत आल्यावर खालून धूत नाही.